नाग अश्विनगारू, अश्वत्थाम्याला मागे नेऊ नका

प्रति,
श्री. नाग अश्विन
दिग्दर्शक, 'कल्की 2898 एडी'
हैदराबाद



पत्र सोलापुरातून लिहितोय आणि मराठीत लिहितोय. तेलुगू मला कळतं, गरजेपुरतं बोलताही येतं, पण लिहिण्याचं म्हणाल तर हात आखडतो. तुमच्यापर्यंत पत्राचा मजकूर पोचवायला आमच्याकडे माणसं मुबलक आहेत. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर आणि पुढं अक्कलकोट रोडची एमआयडीसी, या सगळ्याला आम्ही 'पूर्व भाग' म्हणतो. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी माग घेऊन आलेली पद्मशाली कुटुंबं तिथं राहतात. चादर त्यांची, टॉवेल त्यांचे, विड्या वळणाऱ्या बायका त्यांच्याच घरातल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी आणि दखनी. त्यामुळे बाकी महाराष्ट्राला तुमचा सिनेमा 'साऊथचा' असेल, आमच्याकडे तो शेजारच्या घरचा आहे. शेजारच्या घरात काही बिनसतंय असं वाटलं की आम्ही बोलून टाकतो, तेवढ्या हक्कानं लिहितोय.

विषय दुसऱ्या भागाचा.

27 जून 2024 ला पहिला भाग आला आणि चहाच्या गाड्यांवर जी चर्चा सुरू झाली ती अजून संपलेली नाही. खरं तर ती सिनेमा यायच्या आधीच सुरू होती. नुसतं 'प्रोजेक्ट के' एवढंच नाव होतं तेव्हा 'के' म्हणजे काळ, 'के' म्हणजे कालचक्र, अशी अनुमानं निघत होती. जुलै 2023 मध्ये खरं नाव जाहीर झालं, 'के' म्हणजे कल्की निघालं, पण काळाचं भूत उतरलं नाही. उलट आकडा मिळाल्यावर ते जास्तच चढलं. 2898च का? मग तुम्हीच सांगून टाकलंत की गोष्ट महाभारतापाशी सुरू होते आणि 2898 ला संपते, म्हणजे 6000 वर्षांचा पल्ला. झालं! एवढा पल्ला म्हणजे मध्ये कालप्रवासाचं यंत्र असणारच, असं गाडीवरच्या पोरांनी ठरवून टाकलं.

त्यांची बाजूही ऐका, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. पहिल्या भागाच्या शेवटी नायक भैरव हा कर्ण निघतो. आता हा पुनर्जन्म आहे, की खुद्द कर्णच कुरुक्षेत्रावरून उचलून इकडे आणलाय? खलनायक यास्किनला सुमतीच्या गर्भातला एक थेंब मिळतो, म्हातारा तरुण होतो आणि गांडीव उचलतो. वय उलटं फिरू शकतं, तर काळ का नाही? टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढणारा आमच्या ओळखीचा एक पोरगा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तुमच्या निर्मितीसंस्थेनं सुमतीची भूमिका करणारी दीपिका पदुकोण दुसऱ्या भागात नसल्याचं जाहीर केलं, त्या संध्याकाळी त्यानं तोडगाही काढला. सुमतीला दुसऱ्या काळात पाठवायचं, तिथून ती दुसऱ्या चेहऱ्यानं परत येते. गाडीवरचे सगळे हसले. मला मात्र त्यातच खरी गोम दिसली. कालप्रवास हा पटकथेचा सगळ्यात स्वस्त कारागीर आहे. नटी गेली, बोलवा त्याला. पात्र चुकून मेलं, बोलवा त्याला. पहिल्या भागात एखादा धागा लोंबकळत राहिला, तर तोच येऊन गाठ मारून जातो.

तुमच्या आकड्याचा हिशोब आम्ही तपासलाय, हेही सांगून ठेवतो. ज्या पंचांगावर महाराष्ट्रातली निम्मी लग्नं ठरत असतील, ते दाते पंचांग आमच्या सोलापुरातून निघतं, गेली शंभरावर वर्षं. त्यामुळे तिथी, युग, संवत्सर याबाबतीत इथला चहावालासुद्धा सहजासहजी ऐकून घेत नाही. परंपरेनं कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व 3102 चा. त्यात 2898 मिळवले की 6000. एकानं हरकत घेतली की सनपूर्व 1 नंतर एकदम सन 1 येतो, मध्ये शून्य साल नाही, म्हणजे भरतात 5999च. दुसऱ्यानं पंचांगाच्या रीतीनं उत्तर दिलं: गत वर्षं 5999, चालू वर्ष 6000वं. तुमचा आकडा पास झाला! पण लगेच पुढची शंका आली आणि ती जरा अडचणीची आहे. पुराणांच्या हिशोबानं कलियुग 4,32,000 वर्षांचं. पूजेला बसलं की संकल्पात आपण पहिल्या चरणातच असल्याचं म्हणतो. मग 6000व्या वर्षी कल्की कसा येतो? अजून 4,26,000 वर्षं बाकी आहेत. यावरही यंत्रवाल्यांचं उत्तर तयार होतं: कल्कीच मुळी पुढच्या काळातून मागे येतोय!

इथं मला राहवेना.

मागे जाण्यात अडचण काय आहे ते आमच्या गावात समजावून सांगायला फार सोपं आहे. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, लोक त्या जागेला चार पुतळाच म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांची सत्ता काही दिवस गावातून जवळजवळ उठलीच, मग मार्शल लॉ आला, आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. यंत्र मिळालं तर पहिल्यांदा कुठं जाशील, असं मी त्या पोराला विचारलं. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "येरवडा. आदल्या रात्री. चौघांना काढून आणायचं."

शेजारी बसलेले त्याचे काका विडीची राख झाडत म्हणाले, "मग चार पुतळा कुठला बे? आन् पुतळाच नसला तर तुला ह्ये चार नावं सांगितली कोण? तू येरवड्याला जालास कशाला?"

पोरगं गप्प झालं. पाश्चात्त्य लेखक हाच पेच आजोबांना मारणाऱ्या नातवाच्या गोष्टीनं सांगतात. नातू मागे जाऊन आजोबांना मारतो, मग नातू जन्मतच नाही, मग मारलं कुणी? काकांचा पेच मला जास्त लागला. त्यात कुणी कुणाला मारत नाही, उलट वाचवायला निघतं, आणि वाचवण्याच्या नादात वाचवण्याचं कारणच पुसून टाकतं.

पुढे जाण्याला मात्र आपल्याकडे मुभा आहे, आणि सढळ हातानं आहे. राजा ककुद्मी मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मदेवाकडे स्थळ विचारायला गेला. तिथं गाणं चाललं होतं, म्हणून थोडा थांबला. ब्रह्मदेव हसले आणि म्हणाले, तू मनात धरलेली सगळी स्थळं गेली, त्यांचे नातू-पणतूही गेले, खाली 27 चतुर्युगं उलटली. मग रेवती बलरामाला दिली. मुचकुंद राजा देवांसाठी लढून दमला, गुहेत झोपला, तो उठला थेट कृष्णाच्या काळात. दोघांपैकी एकानंही परत जायची मागणी केली नाही, आणि कथाकारांनी त्यांना जाऊ दिलंही नसतं. ककुद्मी रडत बसत नाही. जो काळ समोर आला त्यात मुलीचं लग्न लावतो आणि तपाला निघून जातो.

गंमत अशी की पदार्थविज्ञानाचंही साधारण हेच म्हणणं आहे. वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगभर फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक सापडला, सेकंदाच्या अब्जांश भागांतला. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं, तिथलं गुरुत्व कमी असल्यानं, उलट जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर दिवसाभरात नकाशा कित्येक किलोमीटरनं चुकेल. म्हणजे ककुद्मीला जे झालं ते अगदी चिमूटभर प्रमाणात रोज होतंय. मागे जाण्याची समीकरणं कागदावर निघालीत. गेलेला कुणी दिसलेला नाही.

मराठीत यावर अधिकारवाणीनं लिहिणारा माणूस आम्हाला लाभला होता. जयंत नारळीकर 20 मे 2025 ला पुण्यात गेले. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली, आणि बक्षीस मिळवलं. पण मला तुम्हाला सांगायचंय ते 'गंगाधरपंतांचे पानिपत'बद्दल. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला यंत्र हवंच असतं. 14 जानेवारी 1761 ला जाऊन विश्वासरावांना लागणारी ती गोळी चुकवायची, एवढीच मागणी. नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाला असं यंत्र कथेत ठेवणं जड नव्हतं. त्यांनी ठेवलं नाही. गंगाधरपंत ट्रकच्या धडकेनं भलत्याच जगात जाऊन पडतात, जिथं मराठे पानिपत जिंकलेत. ते मागे जात नाहीत, बाजूला सरकतात. त्यांचा आपला इतिहास जागच्या जागी राहतो, त्याला ओरखडाही उठत नाही. आणि त्या विजयी जगात पंतांच्या वाट्याला काय येतं? आझाद मैदानावर अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्याबद्दल टोमॅटो आणि अंडी! विनोदाखाली केवढा पोक्तपणा आहे बघा.

तुमच्याकडेही एक वडीलधारं माणूस आहेच. सिंगीतम श्रीनिवास राव तुमच्या या प्रकल्पाचे मार्गदर्शक. त्यांचा 'आदित्य 369' जुलै 1991 मध्ये आला. बालकृष्ण, अमरीश पुरी, टिनू आनंदचा प्राध्यापक आणि त्याचं यंत्र. एकदा कृष्णदेवरायाच्या दरबारात आणि एकदा थेट 2504 सालात. पूर्व भागात तो सिनेमा पन्नाशीच्या पुढचे लोक अजून तोंडपाठ सांगतात. मग तिथं यंत्र चाललं, इथं का नको, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर असं की तिथलं यंत्र इतिहास दुरुस्त करायला निघालेलं नव्हतं. विजयनगर बघायचं, तेनाली रामाला भेटायचं, रायाच्या हिऱ्यामागं लागलेल्या चोराशी झुंजायचं आणि घरी यायचं. कुणाच्या पापपुण्याचा हिशोब त्या यंत्रावर अवलंबून नव्हता. बालकृष्ण त्याच्या पुढच्या भागाची भाषा बरीच वर्षं करतायत. त्यांनी खुशाल चार यंत्रं वापरावीत.

तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण तुमच्या गोष्टीत अश्वत्थामा आहे.

पहिल्या भागातलं मला सगळ्यात काय आवडलं म्हणाल, तर ती लढाई नाही आणि बुज्जी गाडीही नाही. अमिताभ बच्चन नावाचा तो उंच, फडक्यांत गुंडाळलेला म्हातारा जेव्हा पहिल्यांदा अंधारातून हलतो, तेव्हा त्याच्या हालचालीत वर्षं दिसतात. कुरुक्षेत्रापासून काशीपर्यंत तो 6000 वर्षांतला प्रत्येक दिवस काढत आलाय. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. आळंदीहून पायी आलेला आणि एसटीनं उतरलेला दोघेही आषाढीला एकाच बारीत उभे राहतात, विठोबाही दोघांना तोच. पण कोण चालत आलाय हे पायांकडे बघून कळतं. तुमचा अश्वत्थामा हा त्या सिनेमातला एकटा चालत आलेला माणूस आहे. त्याच्या शेजारी तुम्ही यंत्रातून उतरलेला कर्ण उभा केलात, तर त्या 6000 वर्षांची किंमत काय राहिली? कळ दाबली की दोन्ही टोकं जुळत असतील, तर त्यानं एवढी पायपीट केली कशाला?

आणि दुसरं, याहून मोठं. उत्तरेच्या गर्भावर त्यानं अस्त्र सोडलं, हा त्याचा अपराध. न जन्मलेल्या एका जीवाचं रक्षण करायचं, हे तुम्ही त्याला दिलेलं प्रायश्चित्त. गर्भावर उठलेला हात गर्भाच्या राखणीला लागतो, ही जुळणी फार सुंदर आहे, आणि ती टिकते ती केवळ पहिली गोष्ट पुसता येत नाही म्हणून. दुसऱ्या भागात कुणी मागे जाऊन ते अस्त्र अडवलं, तर अपराध उरत नाही. अपराध नाही तर शाप नाही, आणि मग शेवटी अश्वत्थामा कुणासाठी लढतोय याला अर्थ उरत नाही. हॉलिवुडवाल्यांनी 2019 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये मागे जाऊन आधीच्या भागात नाहीशी झालेली अर्धी सृष्टी परत आणली. तरी शेवटी त्यांना एका लाडक्या पात्राला खरोखरीचं मारावं लागलंच. नाहीतर थिएटरात कुणाच्या डोळ्याला पाणी आलं असतं?

आमच्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो आदिवासी तरुण रात्रीच्या अंधारात तो डोंगर चढतात. तिथल्यांच्या श्रद्धेनं तो अश्वत्थाम्याचा डोंगर. नर्मदाकाठी परिक्रमा करणारे सांगतात की कपाळाच्या जखमेला तेल मागणारा उंच माणूस अजून भेटतो. मराठी घरात न भरणाऱ्या दुःखाला आजही अश्वत्थाम्याची जखम म्हणतात. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ही जखम सांभाळली, ती कुणी तरी यंत्रातून मलम आणून देईल म्हणून नाही.

हिशोबाचा एक मुद्दा मात्र तुमच्याच फायद्याचा आहे आणि तो मी यंत्रवाल्यांना अजून सांगितलेला नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्ण अश्वत्थाम्याला जो शाप देतो, त्याची मुदत 3000 वर्षांची आहे. म्हणजे 3102 पासून मोजलं तर तो इसवी सनाच्या आधीच सुटायला हवा होता. तुमच्या सिनेमात तो 6000 वर्षं फिरतोय. वरची 3000 वर्षं कुठून आली? त्यानं आणखी काही केलं होतं? की मुदत संपल्यावरही तो आपणहून थांबला, कारण राखण करायची कबुली दिली होती? या एका प्रश्नावर अख्खा दुसरा भाग उभा राहील, त्यासाठी काळाला भोक पाडावं लागणार नाही.

आणि कल्की 6000व्या वर्षी कसा, याचं उत्तरही यंत्राशिवाय मिळतं. त्यासाठी आमच्या पूर्व भागात यावं लागेल. पद्मशाली समाज आपलं मूळ मार्कंडेय ऋषींकडे नेतो. त्यांचा मुलगा भावनाऋषी, त्यानं कमळाच्या तंतूपासून देवांसाठी वस्त्र विणलं, ही त्यांची कुळकथा. दर नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयांचा रथ निघतो आणि सगळा पूर्व भाग रस्त्यावर येतो. आता वनपर्व काढून बघा. वनवासात युधिष्ठिराला कलियुगाचा शेवट कसा होईल हे कोण सांगतं? शंभल गावात विष्णुयशा कल्की जन्मेल हे कोण सांगतं? मार्कंडेयच. त्यांनी प्रलय पाहिलाय, पाण्यावर वडाच्या फांदीवर पहुडलेला बालक पाहिलाय, त्याच्या पोटात शिरून सगळं विश्व पाहून ते बाहेर आलेत. पुढचं सांगतात ते मागचं पाहिलंय म्हणून. युगं येतात, जातात, पुन्हा येतात, तेव्हा एकदा घडलेलं त्यांना ओळखीचं वाटतं. हा काळ गोल आहे, पण त्यात उलटं फिरायची सोय नाही. तुमच्या शंभलमध्ये एवढी माणसं जमवलीत, मार्कंडेय का नाहीत? एक म्हातारा विणकर दाखवा, वय सोळा की साठ ते कळू नये असा. तो एवढंच सांगेल की कली कधी कधी घाई करतो, मग कल्कीलाही करावी लागते. आमच्याकडे हे कुणालाही पटेल.

तेव्हा विनंती एवढीच. कर्णाला जन्म घेऊन येऊ द्या, यंत्रातून उतरवू नका. सुमतीचं काय करायचं ते कथेच्या जोरावर करा, सोयीसाठी काळ बदलू नका. अश्वत्थाम्याला पुढेच चालू द्या आणि तो सुटतो की नाही, सुटला तर कधी, हे स्पष्ट सांगा. 'तिसऱ्या भागात बघा' असं म्हणू नका. आणि सिनेमा लागेल तेव्हा सोलापूरला तेलुगू प्रत पाठवायला तुमच्या वितरकांना बजावून सांगा. हिंदीतला अश्वत्थामा बाकी महाराष्ट्राला द्या.

आपला,
सोलापूरचा एक प्रेक्षक